परलोकाचा जमाखर्च

मराठी मंडळाच्या गणपतीत दरवर्षी कुणीतरी नवं जोडपं मला गाठतंच. "काकू, तुम्ही म्हणे भुताखेतांच्या चर्चमध्ये जाता?" जाते, मी म्हणते. "मग तिथे काय करता?" हिशेब लिहिते. यावर समोरच्याचा चेहरा पडतो. त्याला हलणारी टेबलं, अंधारातले आवाज असं काहीतरी ऐकायचं असतं, आणि माझ्याकडे सांगण्यासारखं असतं ते गॅसचं बिल.

यॉर्कशरमधल्या, एके काळी लोकरीच्या गिरण्यांवर जगलेल्या एका गावात माझं निम्म्याहून अधिक आयुष्य गेलं. नोकरी इस्पितळाच्या पगार विभागात केली. निवृत्त झाले तेव्हा शेजारच्या बाई इथल्या स्पिरिच्युअलिस्ट चर्चच्या कमिटीवर होत्या. वर्षाचे हिशेब बाहेरच्या कुणाकडून तपासून घ्यायचे होते, तेवढे बघशील का म्हणाल्या. तपासायला गेले आणि पुढच्या वार्षिक सभेत खजिनदार होऊन घरी आले. इथल्या लहान संस्थांत खजिनदार असाच पकडला जातो. वर्गणी घेतली, सही घेतली. परलोकावर विश्वास आहे का, हे मात्र कुणी विचारलं नाही, आणि इतक्या वर्षांत मीही स्वतःला त्याचं एक उत्तर दिलेलं नाही.

स्पिरिच्युअलिस्ट म्हणजे माणूस मेल्यावर संपत नाही आणि त्याच्याशी बोलता येतं असं मानणारे लोक. आपल्याकडे वि. द. ऋषी यांनी परलोकविद्या म्हणून ज्याचा प्रचार केला, तेच हे. वसतिगृहात दिवे घालवून प्लँचेट करणाऱ्या मुलींना त्याची चुलत ओळख असते, मीही त्यातलीच. सुरुवात १८४८ साली न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड्सव्हिल या खेड्यात झाली. फॉक्स घरातल्या मुलींना घरात टकटक ऐकू आली आणि त्या टकटकीशी त्यांनी सवाल-जवाब सुरू केले. पाच वर्षांत ते वारं आमच्या यॉर्कशरमध्ये पोचलं. ब्रिटनमधलं पहिलं स्पिरिच्युअलिस्ट चर्च १८५३ साली कीथलीत निघालं, तेही गिरण्यांचंच गाव. पुढे १८८८ मध्ये त्याच फॉक्स बहिणींतल्या मार्गारेटने न्यूयॉर्कच्या भर सभेत पायाच्या बोटांचे सांधे वाजवून दाखवले आणि टकटक ही अशी होती म्हणून सांगितलं. वर्षभराने तिने ती कबुली मागे घेतली. आमच्या सभागृहात त्या बहिणींची तसबीर आहे. १८८८ सालाबद्दल तिच्याखाली चकार शब्द नाही. मी हा विषय कमिटीत काढून पाहिला. सगळ्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी लग्नघरात घटस्फोटाची गोष्ट काढली. माझं मत अजून तेच आहे: लोकांच्या दुःखाला हात घालायचा तर आपल्या घराण्याची लफडी आपणच आधी सांगून टाकावीत.

भिंतीवर सात तत्त्वांची पाटीही आहे. एमा हार्डिंग ब्रिटन या वक्तृत्व गाजवलेल्या बाईंनी ती मांडली, आणि १८७१ साली ती आपल्याला रॉबर्ट ओवेनच्या आत्म्याकडून मिळाली असं त्या सांगत. ओवेन म्हणजे गिरणीमालक असून कामगारांच्या मुलांसाठी शाळा काढणारा, सहकारी चळवळीने ज्याला आपला पूर्वज मानलं तो. आत्म्याचं सोडा, पण निवड मला फार बोलकी वाटते. पाटीवरचं पाचवं तत्त्व आपल्या कृत्यांची जबाबदारी आपली, आणि सहावं बऱ्यावाईट कर्मांचं फळ परलोकात मिळतं. सातारच्या घरात वाढलेल्या बाईला यात परकं काय वाटणार?

रविवारी संध्याकाळी उपासना असते. समोर मंचावर अध्यक्ष म्हणून कमिटीतलं कुणीतरी, शेजारी पाहुणा मीडियम, म्हणजे गेलेल्यांशी बोलणारा माणूस, आणि फुलदाणीत सूर्यफुलं. सूर्यफूल हे या पंथाचं चिन्ह. हंगाम नसला की आमची कापडी असतात आणि ती मी घरी नेऊन धुते. भजन, प्रार्थना, मीडियमचं छोटं प्रवचन, पुन्हा भजन, आणि मग बहुतेक जण ज्यासाठी आलेले असतात ते: निरोप. "निळ्या स्वेटरवाल्या बाई, तुमच्याकडे येऊ का? जरा आवाज ऐकू द्या." बाई म्हणतात, "हो." "माझ्याकडे एक गृहस्थ आहेत. छातीचं दुखणं. शेवटी शेवटी श्वास पुरत नव्हता." उत्तर हो, नाही किंवा माहीत नाही एवढंच द्यायचं, मीडियमला माहिती पुरवायची नाही, हे नव्या माणसाला दारातच बजावलेलं असतं. गिरण्यांच्या गावात छातीच्या दुखण्याने गेलेला एखादा आजोबा घरटी असतो, हे माझ्या डोक्यात हटकून येतं. पण एकदा एका बाईला तिच्या वडिलांच्या हातोड्याच्या दांड्याला गुंडाळलेल्या हिरव्या चिंधीबद्दल सांगितलं गेलं आणि ती खुर्चीतच ढसाढसा रडली. ती चिंधी मीडियमला कुठे दिसली ते मला ठाऊक नाही. ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणावं.

उपासना संपली की एक जण चहाच्या बंबाशी आणि दोघी ओट्याशी. दानाच्या ताटलीतले पैसे दोघींनी मिळून मोजायचे, दोघींनी सही करायची. वीस पेन्सची नाणी वेगळी, पौंड वेगळे. एखादा युरो, एखादं बटण असतंच. करदात्याने नाव घालून पाकिटात दिलेल्या प्रत्येक पौंडामागे सरकार पंचवीस पेन्स देतं, म्हणून पाकिटं जपून ठेवायची. खर्चाच्या बाजूला मीडियमचं पेट्रोल, विमा, छत, गॅस. आणि जमेच्या बाजूला, चहा-बिस्किटं आणि लॉटरीच्या चिठ्ठ्यांच्या वर, सगळ्यात जाड आकडा खाजगी बैठकांचा. अर्ध्या तासाची बैठक, मीडियम आणि तुम्ही, दार बंद. त्यातला वाटा चर्चला.

तो आकडा मला सुरुवातीला आवडायचा. खजिनदाराला कुठलाही जाड आकडा आवडतो.

पुण्याचा माझा भाचा अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात आहे. २०१३ साली दाभोलकरांचा खून झाला आणि त्यानंतर महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला, तेव्हा तो रोज रस्त्यावर होता. एकदा फोनवर म्हणाला, "मावशी, लोकांच्या रडण्यावर पैसे मिळवायचे आणि तू त्यांच्या वह्या लिहायच्या?" मी त्याला इथला इतिहास ऐकवला. १९४४ साली, ऐन महायुद्धात, हेलन डंकन या मीडियमबाईला १७३५ सालच्या चेटूकविरोधी कायद्याखाली तुरुंगात टाकलं, आमचे म्हातारे सभासद अजून तिची गोष्ट सांगतात. त्या जुन्या कायद्याच्या जागी १९५१ मध्ये ढोंगी मीडियमांविरुद्धचा कायदा आला, आणि तो यावा म्हणून स्पिरिच्युअलिस्ट स्वतः झटले. २००८ मध्ये तोही गेला, आता हे सगळं ग्राहकांच्या फसवणुकीच्या नियमांत बसतं. भाचा ऐकून घेऊन म्हणाला, "म्हणजे मिक्सर आणि मेलेली आई एकाच कायद्यात." यावर मला हसू आलं, पण ते वाक्य डोक्यातून जाईना.

त्याच सुमारास एक पोरगा यायला लागला. विशीतला, गोदामातल्या कामाचे कपडे, बुटांना चिखल. आई जाऊन महिनाही झाला नव्हता. इथे माणूस गेल्यावर अंत्यविधीलाच दोन-तीन आठवडे लागतात, त्यामुळे तिचा अंत्यविधी नुकता उरकलेला. पहिल्या रविवारी त्याला निरोप मिळाला. आई सुखात आहे, स्वयंपाकघराची आठवण काढते आहे, असलं काहीतरी. त्यानंतर तो दर रविवारी पहिल्या रांगेत. निरोप दुसऱ्याला गेला की याचे खांदे पडायचे. मग खाजगी बैठका सुरू झाल्या, एक, मग आणखी एक, मग दुसऱ्या मीडियमकडे. पावत्या मीच फाडत होते. एका पावतीवर त्याने विचारलं, पुढच्या शुक्रवारी पगार झाल्यावर दिले तर चालतील का?

कमिटीत मी ठराव मांडला: माणूस गेल्यापासून सहा महिने त्या घरातल्या कुणालाही खाजगी बैठक द्यायची नाही. त्याऐवजी आमच्यातलं कुणीतरी त्याच्यासोबत बसेल, चहा देईल, आणि शोकात मदत करणाऱ्या क्रूझ या संस्थेचा फोन नंबर लिहून देईल. बैठक रात्री साडेदहापर्यंत चालली. विरोधात बोलणारेही वाईट नव्हते. एक जुने मीडियम म्हणाले, "पाणी मागणाऱ्याला सहा महिन्यांनी ये म्हणणार का?" दुसऱ्या बाई म्हणाल्या, "लोक इथे निरोपासाठी येतात. चहा कॅफेतही मिळतो." एका मताच्या फरकाने ठराव मंजूर झाला. जमेतला जाड आकडा बारीक झाला, छताचं काम दोन वर्षं पुढे गेलं. पोरगा मात्र रागावला आणि दुसऱ्या गावच्या चर्चमध्ये जाऊ लागला. त्याचं पुढे काय झालं ते मला कळलं नाही.

चहा कॅफेतही मिळतो, हे त्या बाईंचं म्हणणं खोटं नव्हतं. मग चर्चमध्ये वेगळं काय मिळायला हवं? याचं उत्तर मला कुठल्याही प्रवचनातून मिळालं नाही. ते मिळालं एका मराठी बाईकडून, तेही तिच्या चिडण्यातून.

तिने मंडळातून माझा नंबर मिळवला होता. मुलगा अपघातात गेला होता, वर्ष उलटलं होतं. फोनवर पहिला प्रश्न, "तो मराठीत बोलेल ना?" मी म्हटलं, "ताई, कोण बोलेल, बोलेल की नाही, काहीच सांगता येत नाही." तरी ती दोन तास गाडी चालवत आली, घरी मैत्रिणीकडे जाते म्हणून सांगून. मीडियमने तिला एक तरुण मुलगा, गिटार, मे महिना असं बरंच सांगितलं. ती प्रत्येक वेळी मान हलवत राहिली, नाही, नाही, नाही. मीडियम बिचारी घामाघूम झाली. मी तिला मागे स्वयंपाकघरात नेलं. बंबाकडे पाठ करून उभी राहिली आणि म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं ना तो येणार नाही? मग मला येऊ का दिलंत?"

मी खरं ते सांगितलं. "तुम्ही फोनवर म्हणालात, घरात त्याचं नाव कुणी काढत नाही. म्हणून."

मग ती बसली आणि बोलायला लागली. थालीपिठावर केचप घालून खायचा. आजीला व्हिडिओ कॉलवर मुद्दाम चुकीचं मराठी बोलून चिडवायचा. बूट कधीच नीट काढायचा नाही, टाचेने टाच दाबून काढायचा, त्यामुळे प्रत्येक जोडाची मागची कड मोडलेली. ते सगळे जोड तिने अजून ठेवले होते. नवरा त्या खोलीत जात नाही, नणंद विषय बदलते, ऑफिसात लोक ती आली की थट्टा थांबवतात. बाहेर लोकांनी खुर्च्या रचून ठेवल्या, दिवे घालवले, किल्ली माझ्याकडे देऊन गेले. आम्ही दोघी तिथेच.

आपल्याकडे मेलेल्याचं नाव काढायला पंचांगातच जागा असते. तेरा दिवस माणसांची ये-जा, दहाव्याला कावळा शिवेना की त्याचं काय राहून गेलं यावर अख्ख्या घाटावर चर्चा, वर्षश्राद्ध, मग दरवर्षी पितृपक्ष. मी लहानपणी या सगळ्याला कंटाळायचे, आणि त्यातले भटजींचे दर, बायकांना दिलेली वागणूक, हे आजही मला पटत नाही. पण तेव्हा चुलत्यांच्या श्राद्धाला त्यांना आवडणारी अळूची भाजी व्हायची आणि कुणीतरी म्हणायचंच, "बापूंना यात दाणे जास्त लागायचे." इंग्लंडमध्ये माझ्या शेजाऱ्यांना अंत्यविधीनंतर अशी एकही तारीख नाही. सँडविच खाल्ले, हात मिळवले, संपलं. त्यानंतर मेलेल्या नवऱ्याचा विषय काढणारी बाई म्हणजे जरा अवघडच प्रकरण. पहिल्या महायुद्धानंतर ही चर्चं का भरून वाहिली, सर ऑलिव्हर लॉजसारखा पदार्थवैज्ञानिक १९१६ मध्ये युद्धात पडलेल्या मुलाशी झालेल्या संवादांवर अख्खं पुस्तक का लिहितो, हे मला त्या रात्रीनंतर अधिक कळलं. मुलाचं नाव मोठ्याने घेता येईल अशी ही एक जागा होती.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, सभागृह बंद झालं आणि रविवार झूमवर गेला. निरोप झूमवरूनही येत. निम्मे सभासद स्वतःचा आवाज बंद ठेवून बसत आणि मीडियम विचारत राही, "आवाज ऐकू द्या". पण खरं काम केलं फोनच्या यादीने. सभासदांची नावं आम्ही कमिटीत वाटून घेतली, प्रत्येकाला आठवड्यातून दोनदा फोन. माझ्या वाट्याला एक आजोबा आले. बायको इस्पितळातच वारली, अंत्यविधीला मोजकी माणसं. त्यांना निरोप नको होता, प्रार्थनाही नको. ते मला सांगत, ती कुठल्या वारी काय करायची: सोमवारी कालच्या रोस्टमधलं उरलेलं मांस, मंगळवारी पाय (इंग्रजी 'pie'), शुक्रवारी मासा. पुढच्या फोनला पुन्हा तेच, आणि मीही पुन्हा विचारायचे, "आज मंगळवार, म्हणजे पाय?" एका महिन्यात त्यांनी स्वतः मंगळवारचा पाय करून पाहिला. तळ करपला, असं फार खुशीत सांगितलं.

तेव्हापासून मी कमिटीत बुधवारचा हट्ट धरला. बुधवारी दुपारी सभागृह उघडं ठेवायचं, मीडियम नाही, भजन नाही. एक जाड वही टेबलावर, त्यात ज्याला वाटेल त्याने आपल्या गेलेल्या माणसाचं नाव लिहावं आणि पाहिजे तर वाचून दाखवावं. कुणी विषय बदलायचा नाही, एवढाच नियम. २०२२ च्या हिवाळ्यात गॅसचे दर भडकले तेव्हा गावातली बरीच चर्चं गरमीसाठी दारं उघडी ठेवू लागली; आम्ही आमचा बुधवारही त्यातच धरला आणि सूप ठेवलं. मसूरडाळीला मी लसणाची फोडणी देते आणि ते लोक त्याला सूप म्हणतात. मी वाद घालत नाही. कधीच मीडियमकडे न गेलेले, देवही न मानणारे लोक आता बुधवारी येतात. एक निवृत्त बसचालक भावाचं नाव लिहितो, दर वेळी, त्याच पेनाने.

हीलिंग हा आमच्याकडचा दुसरा मोठा प्रकार, आणि त्यातही मला असंच काहीसं दिसलं. खुर्चीत बसायचं, हीलर खांद्यांवर हात ठेवून वीसेक मिनिटं उभा राहतो. त्याने रोग ओळखायचा नाही, औषधात ढवळाढवळ करायची नाही, डॉक्टरकडे जा असं सांगायचं, हे नियम लिखित आहेत आणि ते असायलाच हवेत. एकाने इन्सुलिनबद्दल सल्ला दिल्याचं कानावर आलं, त्याच आठवड्यात त्याचं नाव यादीतून काढलं; त्यात दुमत नव्हतं. पण उरलेल्या हीलिंगमध्ये काय आहे ते मला एका एकट्या राहणाऱ्या बाईंनी सांगितलं. म्हणाल्या, केस कापणारी आणि हीलर सोडले तर मला कुणी हात लावत नाही.

जुन्या नोंदवह्या चाळताना मला दिसलं की गिरण्या चालू होत्या तेव्हा आमच्या चर्चमध्ये लिसियम होतं, म्हणजे मुलांची रविवारची शाळा, जिथे मुलांनी प्रश्न विचारावेत अशी अपेक्षा असे. वाचनालयाचा जमाखर्च होता, आजारी सभासदाला कोळसा पोचवल्याच्या नोंदी होत्या. बहुतेक इतर चर्चमध्ये बाई व्यासपीठावर चढूही शकत नव्हती त्या काळात इथे बायका प्रवचनं देत. हळूहळू बाकी सगळं गळालं आणि निरोप तेवढे उरले. २०११ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये स्वतःला स्पिरिच्युअलिस्ट म्हणवणारे सुमारे ३९ हजार होते. आमच्या रविवारच्या खुर्च्यांवर बसलेल्यांचं वय बघता पुढच्या पिढीत काय उरेल ते सांगायला मीडियम नको.

भाच्याचं समाधान झालेलं नाही. मागच्या दिवाळीत म्हणाला, "बुधवार चांगला आहे गं, पण त्यासाठी रविवार कशाला?" मी म्हटलं, रविवारच्या ताटलीवरच बुधवारचं गॅसबिल भागतं. त्याला हे उत्तर आवडलं नाही. मलाही फारसं आवडत नाही, पण वहीत तेच लिहिलेलं आहे.

येत्या वार्षिक सभेत मी खजिनदारपद सोडते आहे. नव्या माणसाला किल्ल्या, चेकबुक आणि सूर्यफुलांची पिशवी देईन, आणि माझं मतही देईन: पैसे कमी पडले तर आधी बाहेरगावच्या मीडियमचं पेट्रोल बंद करा. बुधवार बंद करायची पाळी आलीच, तर इमारत विकून पैसे गावातल्या हॉस्पिसला द्यावेत.